आजीचा चहा आणि छोटा खोका

३ जून
चि. भिंगरीस अ. उ. आ.
पत्र पोचलं. डॉक्टरनं छातीच्या धडधडीपायी माझा चहा तोडला आणि तू कॉम्प्युटरवर चहातलं कॅफिन काढत बसलीस, पातेल्याला हातही न लावता! तुझी आई सांगते, वायू तापवून असा दाबायचा की तो धड वायू राहत नाही, धड पाणी होत नाही. मग पानात शिरून नेमकं कॅफिन ओढून आणतो. अगदी तुझ्या आत्यासारखा.
पण तुझा हिशोब प्रयोगशाळेतल्या मापाशी जुळला नाही तर तुझ्या मार्गदर्शक बाई महिनाअखेर काम बंद करणार, हे शेवटच्या ओळीत का लपवलंस? काय अडलंय ते सरळ लिही. रडगाणं नको.
माया आहेच, तिच्यावर शाई घालवत नाही.
आजी

९ जून
ती. आजीस शि. सा. न. वि. वि.
आत्याला तुझं पत्र दाखवणार नाही.
मी कॉम्प्युटरमध्ये एक खोटा खोका करते, त्यात रेणू सोडते आणि कोण कुणाला चिकटतं ते बघते. त्या दाबाला रेणू घोळक्यानं फिरतात आणि माझा खोका घोळक्यांना अपुरा पडतो. खोक्याची रीतच अशी की एका बाजूनं बाहेर गेलेला घोळका दुसऱ्या बाजूनं आत येतो, मग खोका लहान असला की स्वतःलाच धडकतो. उत्तर चुकणारच. मोठा खोका माझ्या टेबलावरच्या यंत्राला झेपत नाही. खालच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून मोठं यंत्र आहे, पण ते बाईंकडे मागायचं म्हणजे आधी सगळं चुकलं हे कबूल करायचं. म्हणून गप्प आहे.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
भिंगरी

१४ जून
चि. भिंगरीस अ. उ. आ.
म्हणजे चूक सापडलीय आणि तू तिच्यावर चादर टाकून बसलीस! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण शेजारणीकडून आपली शिडी मागून आण म्हटलं तर तू कुंपणावरूनच परत आली होतीस, ते मी विसरले नाही. बाई काय खातात का तुला? हे वाचून झालं की ऊठ. आधी माग, मग जेव.
आजी

२ जुलै
ती. आजीस शि. सा. न. वि. वि.
उपाशीपोटी गेले. बाई खूप ओरडल्या, मग म्हणाल्या की हे आधीच सांगायला काय झालं होतं, आणि यंत्र दिलं. मोठ्या खोक्यात घोळके मोकळे झाले, हिशोब मापाशी जुळला. काम चालू राहणार! प्रयोगशाळेनं त्याच दाबावर कॅफिन काढलेला चहा सोबत पाठवतेय. डॉक्टरांना विचारूनच घे.
अशीच बोलणी ऐकवत राहा.
भिंगरी

१० जुलै
चि. भिंगरीस अ. उ. आ.
चहा मिळाला. कॅफिनबरोबर थोडी चवही पळालीय, तिला धरायचं आता बघ. बाईंकडे लागेल ते माग.
पहिला कप डॉक्टरला विचारून घेतला. दुसरा न विचारता.
आजी