अंगठ्यातली काच

१४ मार्च

ताई,

नमस्कार. तू बरी असशील आणि माझी चिमणी तुझ्या नाकी नऊ आणत असेल, असं धरून चालते. तिला दूध गाळून दे. साय दिसली की तोंड फिरवते.

अक्षरावर हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. फोन करत नाही, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि पोर सगळं ऐकते. हे पत्र इथला वॉर्डबॉय आजच तुझ्या हातात आणून देईल.

हातात काच गेलीय, एवढंच तुला कळलंय ना? ती साधी काच नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही केसाहून बारीक टोकाची काचेची नळी जीवाणूला चिकटवतो आणि त्याच्या आवरणातली प्रथिनं पोटॅशियम कधी आत घेतात ते बघतो. हातमोजा घातला की टोकाचा अंदाज येत नाही, म्हणून आमच्यात सगळेच गुपचूप मोजा काढतात. त्यावरून सगळ्यांना ओरडणारी मीच, आणि मोजा काढला मीच. जीवाणूला लावलेलं टोक माझ्या अंगठ्यात मोडलं.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण दुसरी नळी पहिल्याच फटक्यात नीट चिकटली. महिनोन्महिने न जमलेलं काम गं! पोटॅशियम आत शिरलं की उसळते ती पडद्यावरची रेघ उसळली, प्रथिन जागं झालं. मग कोण उठतंय? बोटाला कागद गुंडाळून मी बघत बसले. हावरटपणा, दुसरं काय.

हा जीवाणू एका पेशंटच्या जखमेतून आलेला आहे. या जीवाणूवर नेहमीची औषधं चालत नाहीत.

आता हात कोपरापर्यंत लाल झालाय. मला इस्पितळात वेगळ्या खोलीत ठेवलंय. हे दाराच्या काचेतून हात हलवतात, मीही हसून हलवते. माझ्या मेल्या डोक्याला सगळं माहीत आहे, तेच वाईट. हे प्रथिन एरवी कडी लावून बसतं. भोवती मीठ वाढलं की आतला एक बारका रेणू त्याच्यावरून सुटतो आणि कडी निघते. पोटॅशियम आत शिरतं आणि सुकत चाललेला जीवाणू पुन्हा तरारतो. आणि रक्त खारट असतं, ताई. डोळे मिटले की मला ती रेघ उसळताना दिसते.

आज डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. अंगठा उद्या सकाळी काढायचाय, पुढचं हाताकडे बघून ठरवू, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "तुम्ही यावरच काम करता ना? ते प्रथिन बंद ठेवणारं काही सापडलंय?"

मी म्हटलं, "अजून नाही."

ताई, मला फार भीती वाटतेय. हाताची वाटते, पण त्याहून जास्त चिमणीची वाटते. तिला शेजारच्या काकूंकडे ठेव आणि तू एकटी ये. यांच्यासमोर मला धीराचं सोंग आणावं लागतं. तू आलीस की मला नीट रडता येईल.

उद्या सकाळच्या आत ये.

तुझी,
धाकटी