पुढच्या खोलीतला विहार

१४ नोव्हेंबर
मूर्ती घरात आली. वाजतगाजत. बुद्धविहार माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर, पण मिरवणुकीने अख्खं देवपूर पालथं घातलं. पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन परत. माझे नुसते पाय दुखले, मूर्ती वाहणाऱ्यांच्या खांद्यांचं काय झालं असेल. दाराची चौकट काढून, तिरकी करून आत घेतली.

विहार जुना. आजेसासऱ्यांच्या पिढीने नदीतला काळा दगड डोक्यावर वाहून बांधलेला. मूर्तीही तेव्हाचीच, विटा-चुन्याची. छत खचलं म्हणून आता सरकारी निधीतून काम निघालंय. जुन्या भिंती तशाच ठेवायच्या, वर नवं छत, शेजारी सभागृह, वाचनालय. तोवर मूर्ती कुठे ठेवायची यावर मिटिंगमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मीच हात वर केला. कुणी ढकललं नव्हतं. एकटी बाई, रिटायर नर्स, पुढची खोली मोकळी.

प्रकाशभाऊ, समितीचे अध्यक्ष, शब्द द्यायला कधी मागे नसतात: "वैशाख पौर्णिमेला उद्घाटन, सिस्टर. त्याच्या आत तुमची खोली मोकळी."

वैशाखातच करुणा बाळंतपणाला यायचीय. पहिलं आहे, माहेरीच व्हायचं. नोकरीभर दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं केली, आता माझ्या लेकीचं. खोली तिच्यासाठीच रंगवली. पोपटी. तिनेच जळगावहून फोनवर रंग निवडला. पोपटी भिंतीपुढे मूर्ती जरा चमत्कारिक दिसते.

१७ नोव्हेंबर
दगडूनाना गवंडी सकाळीच थापी घेऊन हजर. लोक पायाशी डोकं टेकवतात, पोरं हात लावतात, मूर्ती डुगडुगायची. नानांनी विटांचा चौथरा रचला, वर फरशी, आणि मूर्तीची बैठक सिमेंटमध्ये पक्की बसवली.

"आते दहा जन उनात तरी हालनार नही."

मी त्यांना दोनदा चहा दिला. वर म्हटलं, छान बसली हो. प्र.भाऊ होते, भंतेजी होते, निम्मी वस्ती दारात. एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की चार-सहा महिन्यांसाठी आणलेली मूर्ती कुणी सिमेंटमध्ये बसवतं का. माझ्याही नाही. ते आलं दुपारी, भांडी घासताना. तशीच ओल्या हातांनी नानांच्या घरी गेले. निघेल ना नंतर?

"निघी ना. कसाले चिंता करस?"

करते आहे खरी.

७ डिसेंबर
काल महापरिनिर्वाण दिन, दिवसभर माणसं. आज घर झाडता झाडता कंबर गेली.

रोज सकाळी लोक येतात, पण खरी वेळ संध्याकाळची. भिवसन आबा काठी टेकत येतात आणि वंदना घेतात. लहानपणापासून त्यांची एक संध्याकाळ चुकलेली नाही म्हणतात. आता दिसत नाही नीट. पहिल्या दिवशी उंबऱ्याशी मी हात धरायला गेले, तर "डोयास्ले नही, पन पायस्ले ठाऊक शे." आवाज अजून खणखणीत. आबा बसले की वस्ती बसते.

दिवसा कडी लावता येत नाही. बाजारात गेले तरी दार उघडं. टीव्ही आत. यांचा फोटोही आत, फ्रिजवर. सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, क्वार्टरमध्ये काढली या माणसाने. म्हणायचे, एकदा स्वतःच्या घरात पाय पसरून बसायचंय. बसा आता फ्रिजवर.

परवा सुकट भाजली तर शेजारची कलाबाई नाकाला पदर लावून वंदनेला बसली. तिच्याकडे दर रविवारी कोंबडी शिजते, वास माझ्या मोरीपर्यंत येतो. पण तिच्या घरात मूर्ती नाही ना.

१९ जानेवारी
आचारसंहिता लागली. काम बंद. छत उतरवून झालेलं, चार भिंती आभाळाखाली उघड्या, ठेकेदार मिक्सर घेऊन गेला.

प्र.भाऊ: "निवडणूक झाली की दुप्पट वेगाने, सिस्टर."
मी म्हटलं, बाळालाही सांगू का, आचारसंहिता संपेपर्यंत थांब म्हणून? ते हसले. मी हसत नव्हते.

बीपी वाढलंय. मीठ कमी.

११ फेब्रुवारी
विहीणबाईंचा फोन. गोड बोलतात, त्याचीच भीती वाटते. "ताई, तुमच्याकडे आधीच एवढी वर्दळ. करुणाचं इथंच होऊ द्या की. वरची खोली रिकामीच आहे." म्हटलं, नाही, पहिलं माहेरीच. आवाज चढला असावा. त्या लगेच बरं म्हणाल्या.

संध्याकाळी वंदना आटोपल्यावर कलाबाई रेंगाळली. "करुणा आठे बायतीन व्हई ते सव्वा महिना वंदना बंद ठेवनी पडी, सिष्टर."
कसाले, म्हटलं.
"सुवेर."
बाळंतिणीचा विटाळ! माझं डोकंच फिरलं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ बाईच्या. म्हटलं, बुद्धाची आई महामायासुद्धा बाळंतपणाला माहेरीच निघाली होती. वाटेत झाडाखाली बाळंत झाली. माहेरी पोचली असती तर तुम्ही तिला गोठ्यात ठेवलं असतं का?
कलाबाई चपला घालून गेली. आबा तिथेच बसलेले. म्हणाले, "पोर येऊ दे. तिन्हा बाळले मीच पंचशील दिसू." तेवढ्यावर मी शांत झाले. पण झोपताना आलं मनात, त्यांनीही म्हटलं नाही की वंदना दुसरीकडे घेऊ.

२३ मार्च
काम सुरू होऊन आठवडा. आज आबांना धरून बघायला नेलं. भिंतींवरचे ऑइलपेंटचे थर घासून काढलेत. खालून काळा दगड निघाला, सांध्यांतून नवा चुना भरलाय. इतकी वर्षं मी त्या भिंतीला निळी म्हणत होते. आबा एकेक दगड चाचपत गेले. कोपऱ्याशी थांबले. "हाऊ मना बापनी लायेल शे." कसं ओळखलं? म्हणाले, बोटांना लागतो तो खड्डा, त्यात लहानपणी चिंचोके लपवायचे.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. काम चांगलं चाललंय, नाही कोण म्हणतं. मला फक्त माझी खोली हवी आहे.

९ एप्रिल
करुणा आली. जावयांनी एरंडोलला उसाचा रस पाजला, पारोळ्याला पेरू घेतले, रमतगमत आणलं. पोट छान खाली उतरलंय. पाय सुजलेत. बीपी बरं. मागच्या खोलीत, गॅसच्या शेजारी गादी टाकलीय. चौथऱ्याने पुढची निम्मी खोली खाल्ली, तिथे खाट मावत नाही. मावली तरी माणसांत कशी झोपणार.

तिने दारातून पोपटी भिंत बघितली. "आई, रंग मस्त आलाय गं." एवढंच.

१६ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. मागच्या खोलीला खिडकी नाही.

संडास पुढच्या अंगणात. आज वंदनेच्या मध्यात तिला जावं लागलं. नवव्या महिन्यात कुणाला धीर धरवतो. सगळी वस्ती मांडी घालून, आणि ही पोट सांभाळत गुडघ्यांमधून वाट काढतेय. आबांना चाहूल लागली, थांबले. "जाय माय, जाय. तथागतले काय राग येस?" त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं. पण आबा थांबले म्हणजे सगळेच थांबले, आणि ती परत येईपर्यंत सगळे वाट बघत बसले.

परत आली ती तोंड भिंतीकडे करून झोपली.

१८ एप्रिल
गेली.

सकाळी जावयांना फोन करून बोलावलं, मला विचारलंही नाही. मी म्हटलं, प्रवास नको या दिवसांत, मी नर्स आहे, मला कळतं. तर म्हणाली, "तू नर्स आहेस गं. मला आई पाहिजे होती. तू दिवसभर चहा करतेस आणि चपला सरळ लावतेस."
गाडीत बसताना काच खाली केली. "खोली मोकळी झाली की फोन कर. त्याच दिवशी येईन."

मी मागोमाग जाऊ शकले असते. दोन-अडीच तासांची एसटी. पण संध्याकाळी आबा येणार. दार कोण उघडं ठेवणार, समई कोण लावणार. असा विचार करत उभी होते तोवर गाडी वळली. माझ्याच घरात मी अशी अडकले की स्वतःच्या लेकीमागे जाता येईना. फार राग आला. कुणावर ते लिहीत नाही.

२ मे
विहार तयार. छत झालं, सभागृहाच्या फरशीला पॉलिश चाललंय. पौर्णिमा तोंडावर आली.

दगडूनाना छिन्नी घेऊन आले. मी पहाटेपासून खोली आवरून बसलेली, करुणाची गादी उन्हात टाकलेली. दोन-चार ठोके बसले नाहीत तोच बैठकीपासून वर गुडघ्यापर्यंत भेग गेली. बारीक, केसाएवढी. नानांनी छिन्नी खाली ठेवली.
"सिमिट धरी बसनं. आते उखडाले गयं ते बठ्ठी फुटी जाई."

म्हणजे उखडायला गेलं तर अख्खी मूर्तीच फुटणार. गादी परत आत आणली.

३ मे
मिटिंग माझ्याच पुढच्या खोलीत. दुसरीकडे कुठे होणार.

नाना म्हणाले, चौथऱ्यासकट उचलली तर मूर्तीला धक्का नाही. पण चौथरा दारातून जात नाही. पुढची भिंत फोडावी लागेल. माझं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर, तुळई त्याच भिंतीवर टेकलेली. म्हणजे वरचं धाबंही उतरवायचं. पुन्हा उभं करायचं पावसाळ्याच्या तोंडावर. समिती करून देईल, प्र.भाऊ म्हणाले. त्यांच्या शब्दाला मी आता ओळखते.

मग त्यांनीच दुसरं काढलं. एक दानशूर गृहस्थ नवी पंचधातूची मूर्ती द्यायला तयार आहेत. जुनी सन्मानाने काढून घेऊ, भंतेजींना विचारून विसर्जित करू. "एका दिवसात तुमची खोली मोकळी, सिस्टर. करुणाताईंना बोलवा."

निम्मे बरं म्हणाले. निम्मे आबांकडे बघायला लागले.

मी म्हटलं, नवी बसवा विहारात, ही राहू द्या इथे. लगेच कळलं काय बोलले ते. ही इथे राहिली तर आबा इथेच येणार, आबा आले की वस्ती इथेच बसणार, आणि करुणा कधीच येणार नाही. त्यावर कलाबाईच म्हणाली, "मंग सिष्टरनी पोरनं काय?" एवढ्या महिन्यांत तिच्या तोंडून पहिल्यांदा बरं ऐकलं.

शेवटी सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. घर माझं ना. आबा अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

४ मे
जावयांचा सकाळी फोन. डॉक्टर म्हणाल्या, आता कधीही. करुणा मागून म्हणाली, "आईला विचार, बोलावते का."

दुपारी दगडूनाना निळा खडू घेऊन आले. एक रेघ चौथऱ्यावर, मूर्तीच्या बैठकीभोवती. एक रेघ पुढच्या भिंतीवर, दारापासून कोपऱ्यापर्यंत, पोपटी रंगावरून. हात झटकले.
"घर तुनं शे, सिष्टर. यक रेघ पुशी टाक. जी ऱ्हाई ती सकाय फोडसू." चहा न घेता गेले.

संध्याकाळी आबा आले. वंदना झाली. सगळे गेले तरी ते बसून राहिले. मग सरकत पुढे आले आणि मूर्तीचा गुडघा चाचपला. भेगेवर बोट फिरवत राहिले, विहारातला तो दगड चाचपत होते तसंच. मला म्हणाले, "करुणाले फोन कर, माय. ती येवो." आणि उठले. हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्यांनी अडवलं असतं तर मी हट्टाने त्याच क्षणी चौथऱ्याची रेघ ठेवली असती, खरंच ठेवली असती. आता काय करू.

मोरीतून फडकं ओलं करून आणलं. भिंतीवरची पुसली तर मूर्ती जाणार, आणि उद्या संध्याकाळी करुणा इथे. चौथऱ्यावरची पुसली तर घर उघडं, लेक जळगावला, आणि आबांचा तथागत त्यांच्या बापाच्या भिंतींत. दोन्ही रेघांच्या मध्ये कितीतरी वेळ उभी होते. बाहेर कुणीतरी चपला काढल्या, आत डोकावलं, हात जोडले, गेलं.

आतल्या खोलीत फोन वाजला. जळगावचाच असणार. एकदा वाजून थांबला, मग पुन्हा वाजला. फडकं हातातच वाळलं.