दारं लावलेली शेड

बाबा, आईचं काळीज कमजोर नव्हतं. तिच्या मातीच्या दिवशी तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांना ते कमजोर होतं असं सांगितलंत, मी शेजारी उभी राहून ऐकलं, आणि केस पिकले तरी माझा तो राग गेलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा तुमच्या नगर–सोनई मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी बसली. नुसत्या कोळशावर मोटार घाटात दमायची. मग तुम्ही रस्त्याच्या कामावरचं, कोणी फुकट नेईना असं डांबराचं जड काळं तेल आणलंत, त्यात कोळसा भिजवलात आणि वर आईचा धुण्याचा सोडा कालवलात. सोड्यानं गॅस जोरात सुटू लागला. इमामपूरच्या घाटात एक म्हातारा विचारतो, "डायव्हर, मोटार हाय का चूल?" तुम्ही म्हणता, "चूलच हाय मामा, पन चढती का न्हाई?" सगळी गाडी हसते. कॉन्व्हेंटातून सुट्टीला आलेली मी सर्वांत मोठ्याने हसते.

पण पहाटे ती चूल पेटवायची आईने. पत्र्याच्या शेडमध्ये, टाकीला वारा घालणाऱ्या पंख्याचा दांडा फिरवत, दारं लावून. कारण शेजारच्या डायव्हरला तुमची सोड्याची युक्ती दिसता कामा नये. ती म्हणायची, "डोकं लई गरगरतंय वो. एक दार तरी उघडं ठेवा." तुम्ही म्हणायचात, "डांबराच्या वासानं कोन मेलंय का? उपाशी प्रार्थना करतीस, म्हणून गरगरतं." नाताळच्या सुट्टीत एका सकाळी मी तिला चहा घेऊन गेले. ती टाकीला टेकून बसलेली, दांड्यावर हात, गाल नवरीसारखे तांबडे. मला वाटलं, डुलकी लागली.

पुढे सिस्टरनी वर्गात शिकवलं, अर्धवट जळत्या कोळशाचा विषारी वायू नाकाला कळत नाही, माणूस तांबडा होऊन मरतो. घरी येऊन मी विचारलं, तर तुम्ही ताटावरून उठलात. "बापाला शिकवायला घातलं हुतं का तुला शाळंत?" पण बाबा, आईला माती दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही शेडची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट उपटून काढली होतीत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. एका शब्दाने बोलला असतात, तर मी तुमच्याजवळ बसून रडले असते. तुम्ही ते रडणंसुद्धा माझ्यापासून हिरावलंत.

हे पत्र मी कुठे टाकणार? एक मात्र सांगते. तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला तिच्यापासून लांब पुरायचं, असं मी ठरवलं होतं. ऐन वेळी म्हणाले, शेजारीच. तुमच्यासाठी नव्हे. तिला एकटीला अंधाराची भीती वाटायची.