'टोकने पर' आणि दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्या

मी नीलकंठ रामराव पिंपळखुटे, वय एकाहत्तर, राहणार दीक्षितपुरा, जबलपूर, एका हिंदी दैनिकाचा निवृत्त गुन्हे-वार्ताहर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर हे मी आधीच लिहिले असते.

१. माझ्या स्वकष्टार्जित घराच्या दोन्ही खोल्या माझी भावजय भानुमती गुणवंत पिंपळखुटे हिला पूर्ण मालकीने मिळाव्यात. माझा मुलगा श्रीरंग हरकत घेईल. त्याचे महाराजपुरात स्वतःचे घर आहे. त्याने खालचे कारण शेवटपर्यंत वाचावे.

२. एकतीस वर्षे मी चाकू, कट्टे आणि सळया लिहिल्या. रोज संध्याकाळी ठाण्यांना फोन फिरवायचा आणि मिळेल ते चार ओळींत बसवायचे, ही आमची रीत. भांडणाचे कारण कळले नाही की 'टोकने पर', म्हणजे हटकल्यावरून, असे लिहून मोकळे व्हायचे. 'शराब पीने से टोका, आंतें निकाल दीं.' 'गाली देने से टोका, सिर फोड़ा.' बातमी पूर्ण होई आणि मेलेल्याच्या पदरात थोडी चूकही पडे, की बाबा, तू मधे बोललास म्हणून मेलास.

मार्च १९८६ मध्ये एका हवालदाराने फोनवर सांगितले, "दादा, सदर बाजार में तीन लड़कों ने एक को चाकू मार दिया. मर गया. नाम पता नहीं." एवढेच. कारण त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. मी लिहिले, 'शराब पीने से टोका, चाकुओं से गोदा.' सकाळी शवागारात चादर बाजूला केली तर माझा धाकटा भाऊ गुणवंत. पोटावर सात वार, गळ्यावर एक. पाते हाताने धरले असावे, दोन बोटे लोंबत होती. गुणवंत जन्माचा मुका होता.

३. तिथल्या पानवाल्याने साक्षीदार म्हणून कोर्टात माझी बातमीच पाठ म्हटली, "साहब, इसने टोका था." मुका कसा टोकेल, असे सरकारी वकिलाने विचारले. आरोपींचा वकील म्हणाला, हातवारे करून. मग ते अचानक झालेले भांडण ठरले आणि तिघेही सात वर्षांत बाहेर आले. मी वार्ताहरांच्या बाकावर टिपणे काढत होतो. ते वाक्य माझे आहे, हे उठून सांगितले नाही. भ्यालो.

सुटलेल्यांपैकी एकाने पुढे मला हसत सांगितले की त्यांनी माचिस मागितली होती. "बोला ही नहीं साला, अकड़ दिखा रहा था." मी त्याच्या थोबाडावर बाटली फोडली. अकरा टाके पडले. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

गुणवंतच्या तेराव्याला भानुमती त्या बातमीचे कात्रण घेऊन आली होती. "भाऊजी, यायनं कोणाले टोकलं असन? तुम्ही तर पेपरातच आहा, लिहिनाऱ्याले विचारून सांगा नं." मी म्हणालो, "विचारतो." तेवीस वर्षे ती अधूनमधून विचारते, मी तेच उत्तर देतो आणि तिच्या हातची भाकर खातो.

४. श्रीरंग आज त्याच दैनिकात, त्याच गुन्ह्यांच्या पानावर आहे. परवा त्याने लिहिले, 'हॉर्न बजाने से टोका, सरिया मारा.' जागेवर गेला होतास का, असे विचारले, तर म्हणतो, "बाबा, थाने से यही आया. इतना चलता है." चाळिशीच्या मुलाच्या मी कानाखाली वाजवली. त्याला माझी कात्रणांची पेटी देतो, दुसरे काही नाही. माझ्या निधनाच्या बातमीत त्याने हे छापावे: 'गुणवंत ने किसी को नहीं टोका था. वह पंक्ति मैंने बिना पूछे लिखी थी.' तेवढे जमत नसेल तर माझ्या चितेला हात लावू नये.

५. मला ग्वारीघाटावर नेण्याआधी हे मृत्युपत्र खाली साक्षीची सही करणाऱ्या अंबादासने भानुमतीसमोर मोठ्याने वाचावे आणि घराच्या किल्ल्या तिच्या हाती द्याव्यात. तेव्हा मी तिच्या पुढ्यात जमिनीवर असेन, पळून जाता येणार नाही. ती किल्ल्या फेकेल, शिव्या देईल, कदाचित लाथही मारेल. ती बोलत असताना तिला कोणीही टोकू नये.

सही: नी. रा. पिंपळखुटे
आमच्या देखत सही केली: अंबादास वानखडे, दिवाकर ठोंबरे
जबलपूर, ९ नोव्हेंबर २००९