राणीचा आवाज

३ मार्च
नवं नाटक हातात घेतलं. जुन्या राणीची गोष्ट, पण आजच्या काळातली. कारखान्याच्या मालकाची विधवा आणि तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला दीर. राणी अर्थात बायको. लेखन, दिग्दर्शन आणि दीर, तिन्ही मी. एवढं एकहाती पेलणारा आमच्या ग्रुपमध्ये दुसरा कोण आहे? आजपासून कुणावर चिडायचं नाही.

१९ मार्च
बायकोचा आवाज बसलाय. म्हणाली, महिना होत आला, डॉक्टरला दाखवू या. म्हटलं, प्रयोगानंतर बघू. सत्तेला असाच घोगरा आवाज शोभतो. संवादांची वही उघडून बसली. पटलं असावं.

६ एप्रिल, दुपार
सिंहासनाचा, म्हणजे बोर्ड मीटिंगचा सीन. तिला अकरा वेळा ओरडायला लावलं. मग तिच्या रुमालावर थोडं रक्त. मेकअपवाल्या मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, तू माणूस आहेस की कोण? तालमीला शिस्त म्हणून उरलेली नाही. चिडलो, पण मनातल्या मनात.

७ एप्रिल
मावशी तिला परस्पर दवाखान्यात घेऊन गेल्या. मला कुणी विचारलंही नाही. राणीची शेवटची दोन भाषणं कापून दिराला दिली. तेवढाच तिचा भार हलका.

२२ एप्रिल
गाठ आहे. वाईट. स्वरयंत्र काढावं लागणार. लवकर आला असतात तर कदाचित आवाज वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनाच म्हणत असतील. प्रयोग अठ्ठावीसला, म्हणून विचारलं, ऑपरेशन तीसला चालेल का? डॉक्टर बायकोकडे वळले. बायको बोलली, 'उद्याच.'

९ मे
प्रयोग रद्द झाला. ती आता वहीत लिहून बोलते. म्हटलं, मुकी राणी! काय आयडिया आहे, नव्याने लिहितो तुझ्यासाठी. तिने वही पुढे ओढली आणि लिहिलं, 'पुढच्या रविवारी सगळ्यांना घरी बोलाव.' लागली तयारीला.

१६ मे, रविवार
सगळे आले. नव्या नाटकाच्या फाइली वाटल्या. कुणी उघडल्या नाहीत. मावशी म्हणाल्या, आधी एक ठरवू. यापुढे याने ग्रुप चालवू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.
सगळ्यांत आधी बायकोचा हात वर गेला. मला वाटलं, पाणी हवंय. उठून पेला भरून नेला. तिने घेतला नाही. हात तसाच वर.
मावशी मोजत होत्या.