अण्णांचा ‘बक्सम’

५ मार्च १९५६, सोमवार

मुलाखत झाली. वाट लागली!

कुर्ल्याच्या कारखान्याचं ऑफिस. टेबलापलीकडे दोन साहेब. जाड्या साहेबाने माझा अर्ज वाचला, एका ओळीवर थांबला, शेजारच्याला बोटाने दाखवली. मग दोघांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं — आणि हसले.

‘मिस दिघे, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?’

अर्ज अण्णांचा. मी नुसता टाइप केलेला. पण ज्या सुरात विचारलं, त्या सुरात वडिलांचं नाव घेववेना. ‘हो, मीच,’ म्हटलं.

‘बरं बरं. कळवू.’

टाइपिंगची परीक्षासुद्धा घेतली नाही!

घरी अण्णा दारातच उभे. ‘माझ्या इंग्रजीबद्दल काय म्हणाले गं?’

‘आवडलं.’

६ मार्च

संध्याकाळी टाइपिंग क्लासातली कुंदा आली. गॅलरीत तिला अर्जाची प्रत दाखवली. किंचाळलीच!

‘अगं शुभा, बक्सम? बक्सम म्हणजे भरल्या अंगाची, गुबगुबीत बाई! आमच्या ऑफिसातले पुरुष एकमेकांत बोलतात ना, तसलं!’

मी आणि गुबगुबीत! वजन ऐंशी पौंड! आणि मीच माझ्या हाताने स्वच्छ टाइप केलंय — ‘मी स्वभावाने बक्सम आहे.’

७ मार्च

अण्णांशी बोलले नाही. जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं. आईने दिलं.

८ मार्च

अण्णा आंघोळीला गेले तेव्हा त्यांची जुनी डिक्शनरी काढली. पुठ्ठा कधीच गेलाय. बक्सम — पहिला अर्थ : आज्ञाधारक. दुसरा : आनंदी, चपळ. अंगाचा कुठे उल्लेखच नाही! समासात अण्णांचं बारीक अक्षर : ‘चांगला शब्द. अर्जात वापरावा.’

म्हणजे अण्णा चुकले नव्हते. फक्त दोनशे वर्षं उशिरा पोचले.

सातवीत शाळा सुटली त्यांची. गोदीत कारकुनी करता करता या एका पुस्तकावरून इंग्रजी शिकले. आता पेन्शनीत आहेत, पण आमची घाटकोपरची आख्खी चाळ त्यांच्याकडून इंग्रजी पत्रं लिहून घेते. कुणी हसलं नाही आजवर. की हसले, आणि आम्हाला कळलं नाही?

खूप रडले. राग गेला.

१० मार्च

साकीनाक्याला एक जागा आहे. अण्णांनी मागच्याच आठवड्यात अर्ज लिहून ठेवलाय. त्यातही तोच शब्द!

गुपचूप बदलावा, तर पाकीट बंद करण्यापूर्वी अण्णा अक्षर न् अक्षर वाचणार. खरं सांगावं, तर पुन्हा कुणासाठी पेन हातात धरणार नाहीत. काय करू?

११ मार्च, रविवार

बोलले एकदाची.

‘अण्णा, बक्सम म्हणजे आज्ञाधारक ना? मग तो काढा बाई. मी कुठली आज्ञाधारक! नोकरीला लागले की चार दिवसांत उघडं पडेल.’

चष्म्यावरून बघत राहिले. मग हसले. ‘खरंय. तुझी आईसुद्धा साक्ष देईल.’ रेघ मारली. ‘तिथे काय घालू? तूच सांग.’

‘कामसू. हार्डवर्किंग.’

लिहिलं. सुटले!

१७ मार्च

कुर्ल्याहून पत्र — अण्णांच्या नावाचं! त्यांनी वाचलं, माझ्या हातात दिलं आणि जिना उतरून गेले.

‘आपलं सात तारखेचं पत्र मिळालं. तो शब्द आपला होता, मुलीचा नव्हे, असं आपण कळवता. तिने तर तो स्वतःचाच म्हणून सांगितला होता. आमच्या हसण्याबद्दल दोघांचीही माफी मागतो. जागा मात्र भरली आहे.’

सात तारीख!

आई म्हणाली, ‘कुंदाचा आवाज काय कमी आहे? त्याच संध्याकाळी ऐकलं त्यांनी.’

म्हणजे रविवारी माझ्यासमोर हसून रेघ मारली, तेव्हा —

अजून आले नाहीत. जाते, बघते कुठे आहेत.