न्हाव्याची खुर्ची आणि गार झालेली कढी

नाशिक, माघ वद्य पंचमी, सन १९३६

रा. रा. नाथाजी यांस चिमाजीचा रामराम. इगतपुरीचा गारठा तुझ्या गुडघ्यांना सोसतो ना? आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझं कशात लक्ष नाही. सकाळी शेवंती तोडायला गेलो नि कळ्याही तोडून आलो. (तुझी बहीण काय बोलली ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.)

तुला ठाऊकच आहे, गेल्या रविवारी सिन्नरचे बहिरूअण्णा आपल्या चंद्रभागेला बघायला येणार होते. त्यांचा मुलगा कचेरीत कारकून, दिवसभर खुर्चीवर. त्याला पाटावर कसं बसवायचं, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी तुला पत्र टाकलं. स्टेशनावर साहेब लोकांना तू वाढतोस, म्हणून तुझा शब्द मी प्रमाण मानला, हीच माझी चूक. तू लिहिलंस की खांद्यावर रुमाल टाकून गप्प उभं राहायचं, आग्रह करायचा नाही, आणि आधीची बशी रिकामी झाल्याशिवाय पुढचा पदार्थ आणायचा नाही. अक्षर न् अक्षर पाळलं रे बाबा!

टेबल शाळेतून आणलं. खुर्च्या चार घरच्या, त्यातली एक न्हाव्याची. बहिरूअण्णा नेमके तीतच बसले आणि सवयीने मान मागे टाकून डोळे मिटले. साहेब लोक आधी पितात त्या तुझ्या सुपाच्या जागी मी कढी ठेवली, वाटी वाटी, दुसरं काही नाही. आणि उभा राहिलो.

आता ही माणसं आपल्यासारखीच माळ्याची. पान पुरतं वाढून होईपर्यंत आणि घरधनी 'करा सुरुवात' म्हणेपर्यंत घासाला हात लावतील का? तोंडाला पाणी सुटलं तरी लावणार नाहीत. ते माझ्या शब्दाची वाट बघत बसले आणि मी त्यांच्या वाट्या रिकाम्या व्हायची. कढीवर साय धरली. उंबऱ्यातलं ऊन सरकत टेबलाखाली आलं. विहीणबाईंनी तीनदा पाणी मागितलं. माजघरातून तुझी बहीण साळू हातवारे करत होती. मला वाटलं, कौतुक करतेय. मी आणखी ताठ उभा राहिलो. इतकी गप्प पंगत मी तेराव्यालाही पाहिली नाही.

शेवटी चंद्रभागाच पदर खोचून बाहेर आली. "आबा, सरा बाजूला. मंडळी, खाली पाटांवर या, पुरणपोळी निवतेय. सगळं एकदमच वाढते." सगळे असे उठले की न्हाव्याची खुर्ची उलथली. मग मात्र आडवा हात मारला, नवऱ्या मुलाने तर सात पोळ्या खाल्ल्या. पण निघताना बहिरूअण्णा एवढंच म्हणाले, "कळवतो." आज सहा दिवस झाले. बघायला आलेल्या पाहुण्यांना उठवणारी पोरगी आगाऊ ठरली असेल तर? अपराध माझा आणि शिक्षा तिला, हे मला बघवत नाही. दर घटकेला दारात जाऊन टपालवाला बघतो. तो आता मला पाहून दुसऱ्या गल्लीने जातो.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
चिमाजी

ता. क. पत्र खरं यासाठीच लिहिलं. तू सिन्नरला कळव की टेबलाचा उपद्व्याप तुझा होता आणि पोरगी एरवी गरीब आहे. (गरीब नाही, पण तू लिही.)

पुन्हा ता. क. थांब, काही लिहू नकोस! आत्ताच सिन्नरचा माणूस येऊन गेला. बहिरूअण्णांचा निरोप: "आमच्या घरात सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणारे. उठवणारं माणूस पाहिजे होतं, ते मिळालं." साळू रडतेय, मीही मघाशी जरा रडलो. तर लग्नाला चार दिवस आधी ये, मामा म्हणून ये. रुमाल घरीच ठेव. पंगत जमिनीवरच बसेल आणि 'करा सुरुवात' म्हणायचा मान तुझा. मोठ्याने म्हण, आणि दोनदा म्हण.